मडकं उतरवायचा दिवस

खान्देशातलं ऊन नुसतं तापत नाही, मारतं. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. माझी पुण्याची नणंद मे महिन्यात आली की पदराने वारा घेत म्हणते, वहिनी, किती गरम होतंय गं. गरम दूध होतं, बाई. इथे सकाळी नऊला दार उघडलं की झोत असा तोंडावर येतो की माणूस एक पाऊल मागे सरतो. बाराला रस्त्यावरची कुत्री नालीत उतरून बसतात. दोनला गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला तर हात पोळतो. मी जळगावात तीस वर्षं ब्लाऊज शिवते. एप्रिल-मे लग्नाचे महिने, म्हणजे इस्त्री दिवसभर चालू आणि मशीनच्या लोखंडी चाकाला बोट लागलं की चटका. असल्या दिवसांत माणसाचा स्वभाव धड राहायचा कसा? माझा तर थंडीतही नसतो, हे आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतात.

आखाजी जवळ आली की कुंभार हातगाड्यांवर मडकी रचून गल्लोगल्ली फिरायला लागतात. यंदाही आलेत. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्राला त्या दिवशी सोनं आठवतं, आम्हाला गेलेली माणसं आठवतात. नवी घागर भरून त्यांच्या नावाने पुजायची, लेकींनी माहेरी यायचं, कडुलिंबाला झोके बांधायचे, रस आणि सांजोऱ्या खाऊन दुपारी ओल्या फरशीवर आडवं व्हायचं. घरोघरी त्या दिवशी मडकं आत येतं. आम्हा पक्षी पाळणाऱ्यांच्या पिंजऱ्यातून मात्र ते बाहेर येतं.

आमचे पक्षी म्हणजे बजी. मुठीत मावतील एवढे हिरवे, निळे, पिवळे पोपट. बाजारात त्यांना लव्ह बर्ड्स म्हणतात. पिंजऱ्यात आडवं मडकं टांगायचं, तोंडाला पक्षी शिरेल एवढं भोक ठेवायचं, आत मादी अंडी घालते. मडकं असलं की ती घालतच राहते, तिला ऋतू कळत नाही. इथल्या मे महिन्यात अंड्यावर बसलेली मादी आतच भाजून निघते. म्हणून आमच्यात एक नेम आहे, कोणी घातला ठाऊक नाही: आखाजीला मडकं उतरवायचं. पावसाळा लागून हवा निवली की पुन्हा टांगायचं. घागर पुजायच्या आधी मी मडकी उतरवते, कडुलिंबाच्या पाण्याने धुते आणि माळ्यावर टाकते. वीसेक मडकी होतात. एवढं केल्याशिवाय मला रस गोड लागत नाही.

त्यांना लव्ह बर्ड्स हे नाव ज्याने ठेवलं, त्याने चिडलेली मादी पाहिली नसावी. एका मडक्यावर दोघींचा डोळा पडला की मग बघा. मी पाहिलंय. एकीने दुसरीचा पाय चोचीत धरला आणि सोडलाच नाही, बोट तुटून पिंजऱ्याच्या तळाशी पडलं तरी ती ओढत होती. एकीने सवतीची पिल्लं मडक्यात शिरून मारली. एकेकाचं डोकं फोडलं, बाहेर आली, तारेवर चोच पुसली आणि वाटीतले राळ्याचे दाणे खायला लागली. चोचीवर रक्त, वरून चिवचिव. जाळीला तोंड लावून मी शिव्या देत होते आणि ती माझ्याकडे एका डोळ्याने बघत होती. त्या दिवसापासून पक्षी म्हणजे निष्पाप जीव असं कोणी म्हणालं की मला हसू येतं.

तर आमचा एक ग्रुप आहे फोनवर. जळगाव-धुळ्यातली दीड-दोनशे माणसं, सगळी पक्ष्यांच्या नादाला लागलेली. ग्रुप काढला अमळनेरच्या विजूभाऊंनी. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, गिऱ्हाईक नसलं की फोन हातात. मला तिथे सगळे अक्का म्हणतात. पन्नाशी गाठली म्हणून म्हणतात, आणि घाबरतात म्हणूनही. त्यात मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू.

नवीन माणूस आला आणि त्याने काही अडाणी प्रश्न विचारला की आमच्याकडे त्याचं भरीत करायची रीत होती. कोणी तरी आधी वांग्याचं चित्र टाकायचं. मग विजूभाऊंचा आवाज यायचा, आज कोनं भरीत शे, बठ्ठा या, काड्या लई या. म्हणजे आज कोणाचं भरीत, सगळे या, काड्या घेऊन या. जसं शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगं भाजतात तसं ते. जो तो आपली एक काडी आणून टाकायचा. एक म्हणायचा, पक्षी विकून कोंबड्या पाळ. दुसरा, तुझ्यासारख्याला पिंजऱ्यात ठेवायला पाहिजे. तिसरा नुसताच हसायचा. नवीन माणसाचं साल निघेपर्यंत हे चालायचं, आणि मग कोणाला आठवण झाली तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं जायचं. बहुतेक वेळा आठवण व्हायची नाही.

आमची बाजू पण ऐका. तेच तेच प्रश्न दहा वर्षं. पक्ष्याला चहात बुडवलेलं बिस्कीट चालेल का. पिंजरा गच्चीवर ठेवला तर चालेल का, हवा चांगली आहे. नर-मादी आणले होते, दोन्ही मारामारी करतात, भांडण कसं सोडवू. अहो, दोन्ही माद्या आहेत, नाकाचा रंग बघा की. तुम्ही विचारताय तोवर तिकडे पक्षी मरायला टेकलेला असतो. आणलाय हौसेने, माहिती शून्य, आणि मेला की दुसरा आणतात. राग येणार नाही तर काय? जीव तुटतो म्हणून बोलतो, असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि ते अर्धं खरंही होतं. उरलेलं अर्धं असं की भर दुपारी, कूलरचा वारा गरम येत असताना, मानेवरून घामाचे ओघळ चाललेले असताना, कोणाला तरी चार शब्द झणझणीत सुनावले की मला गार वाटायचं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. होळी होऊन गेली होती. ग्रुपवर एक नवा नंबर आला, नावाच्या जागी नुसता क, फोटोच्या जागी झेंडूचं फूल. पहिलाच निरोप एवढा लांब की मी चष्मा लावला. नमस्कार, मी धुळ्याहून. आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू बदली होऊन गेले आणि त्यांच्या लव्ह बर्ड्सचा पिंजरा आमच्या गॅलरीत सोडून गेले. आम्ही जैन, आमच्यात पक्षी कोंडून ठेवत नाहीत. सोडून द्यावेत तर हे बाहेर जगतात का? माझ्या सासूबाईंचा वर्षीतप चालू आहे, वर्षभर एक दिवस उपास आणि एक दिवस जेवण. अक्षय्य तृतीयेला उसाचा रस घेऊन पारणं आहे. तोवर, आणि नंतरही, माझ्या हातून यातला एकही जीव जाऊ नये एवढीच इच्छा आहे. मार्गदर्शन करावे.

पंधरा मिनिटांत वांगं पडलं. लव्ह बर्ड म्हणाली म्हणून पहिली काडी, बजी असतात ते. पाळायचे नाहीत तर ग्रुपमध्ये कशाला, ही दुसरी. पक्ष्यांनाही उपास धरायला लावा, ही विजूभाऊंची. मी मशीनवर बसले होते. एका नवरीचा ब्लाऊज उसवत होते, तिने दोन महिन्यांत अंग धरलं होतं. हातातलं टाकून मी लिहिलं की सोडलेस तर पहिल्या तासाला कावळे फाडतील, कोंडलेस तर तुझा धर्म बुडेल, तेव्हा काय बुडवायचं ते ठरव आणि मग ये. मला वाटलं कोणी नुकतीच लग्न झालेली पोरगी असेल, म्हणून अगं-तूगं. चाळीस जणांनी माझ्या त्या वाक्याला अंगठे दिले.

ती मात्र हलली नाही. दुसरं कोणी असतं तर ग्रुप सोडून गेलं असतं. ती म्हणाली, समजलं ताई, सोडत नाही. आणि रोज एक प्रश्न विचारायला लागली. राळा धुऊन द्यायचा की तसाच. पाणी उकळून गार केलेलं चालतं का, आमच्या घरी तेच असतं. पिंजऱ्यात दोन जोड्या आहेत, एक मडकं आहे, एक मादी सारखी मडक्यात बसते, आजारी आहे का? ती अंड्यावर बसली आहे, हे आमच्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आम्ही सांगितलं, पण कसं? माहेरपणाला बसली आहे, चोळी-बांगडी कर, असं. चार अंडी आहेत म्हणाली. कोणी तरी म्हणालं फेकून दे, उन्हाळा येतोय. तिने लिहिलं, फेकणं म्हणजे मारणंच ना ताई. हे नेमकं मला उद्देशून. त्या दुपारी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. मी लिहिलं की बाई, हा पक्ष्यांचा ग्रुप आहे, प्रवचनाचा नाही.

आता ते सगळं परत वाचते तेव्हा दिसतं, तिचे प्रश्न चांगले होते. एकेक पायरी बरोबर विचारत होती. तिच्या इतक्या काळजीने पक्षी पाळणारी माणसं त्या ग्रुपात पाच नसतील. तेव्हा दिसलं नाही, कारण पहिल्याच दिवशी ती वांग्यात निघाली होती आणि एकदा वांगं ठरलेल्या माणसाला आम्ही काड्यांवरून खाली घेत नसू.

चारही अंडी फुटली. तिने फोटो टाकला, चार गुलाबी गोळे, डोळे मिटलेले. खाली लिहिलं, चारही आहेत. चित्र नाही, फूल नाही, नुसतं तेवढंच.

आखाजीच्या आदल्या दिवशी पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला. जळगावात दुपारी रस्ते ओस पडले. माझ्याकडे एक मादी गेली, म्हातारी होती, पण गेली. पिंजऱ्यांवर ओली पोती टाकून मी नुकती खाली आले होते आणि ब्लाऊज न्यायला आलेली बाई हुक मागेपुढे झालेत म्हणून भांडत होती. ग्रुपवर सगळ्यांचं एकच चाललेलं, उद्या मडकी उतरवा, उद्या मडकी उतरवा. त्यात तिचा प्रश्न आला. नमस्कार, मडकं उतरवायचं म्हणजे आमचंही उतरवायचं का? आत चार पिल्लं आहेत, पंधरा दिवसांची.

इथे मला थांबून सांगायला हवं. मडकं उतरवतात ते रिकामं झाल्यावर. होळीनंतर नवं अंडं बसू द्यायचं नाही, असलेली पिल्लं पंख फुटून आपली आपण बाहेर येऊ द्यायची, आणि आखाजीपर्यंत मडकं आपोआप मोकळं होतं. एखाद्यात पिल्लं उरलीच तर त्याला हातही लावायचा नाही, त्यावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि थांबायचं. हे आम्हाला इतकं माहीत की आम्ही कधी उच्चारत नाही. पिल्लं आत असताना मडकं काढणं हे आमच्यातल्या कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. आणि नव्या माणसाला ते कोठून माहीत असणार, हेही आमच्या स्वप्नात येत नाही.

मी लिहिलं, मडकं म्हणजे मडकं. आखाजीला उतरवायचं म्हणजे उतरवायचं. प्रत्येकाला वेगळं पत्र पाठवायचं का?

त्यावर विजूभाऊंनी हात जोडलेलं चित्र टाकलं. कोणी तरी वांगं टाकलं. मी हुकवाल्या बाईकडे वळले. ग्रुपवरच्या त्या प्रश्नातलं दुसरं वाक्य मी वाचलं होतं की नाही, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. वाचलं नव्हतं असं म्हणायला मला फार आवडेल.

आखाजीला आमच्याकडे घागर पुजून झाली, पानं वाढली. रसाची वाटी हातात घेतली आणि फोन वाजला. मी काही उघडणार नव्हते, पण सवय वाईट. फोटो होता. पिंजऱ्याच्या तळाशी स्वच्छ पांढरं फडकं नीट घडी घालून अंथरलेलं. त्यावर तीन पिल्लं. एकाचा डोक्याचा भाग जागेवर नव्हता. दुसऱ्याचा पंख उपटून बाजूला पडलेला, त्याच्या मुळाशी हिरवी पिसं नुकती फुटत होती. तिसरं पालथं, पाठीवर चोचीच्या खुणा एकावर एक. फडक्याला रक्ताचे ठिपके, आणि कडेला वाटी, तिच्यात राळा आणि कोथिंबीर. माझ्या डोळ्यांपुढे लगेच आलं की कसं झालं असेल. मडक्याच्या अंधारात जी आपली पोरं होती, ती उजेडात फडक्यावर दिसल्यावर मादीला ती कोणी परकी घुसलेली वाटली. दुसऱ्या मादीनेही हात धुऊन घेतले असतील. उघड्यावर पंधरा दिवसांचं पिल्लू पळू शकत नाही. ते नुसतं मान वर करून तोंड उघडतं, भरवतील म्हणून.

फोटोखाली तिने लिहिलं होतं, चूक माझी झाली. एक जिवंत आहे, त्याला बाहेर काढलं आहे. त्याला कसं जगवायचं ते कृपा करून सांगा.

आणि त्याखाली, मी बघेपर्यंत, ग्रुपवर एक उत्तर आलेलं होतं. पिल्लं असताना मडकं काढायला कोणत्या शहाण्याने सांगितलं? आमच्यातल्याच एकाने विचारलं होतं. त्याने वर चढून वाचलं नव्हतं. तिने त्याला उत्तर दिलं नाही. माझं नाव घेऊ शकत होती, घेतलं नाही.

रसाची वाटी मी तशीच ठेवली. आमचे हे म्हणाले, काय झालं, कोण गेलं? मी ओट्याजवळ जाऊन तिला फोन लावला. कधी कोणाला लावत नाही. पलीकडून माझ्याच वयाच्या बाईचा आवाज आला, मागे पाहुण्यांचा गलका, भांड्यांचा आवाज. तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "ताई, तुम्ही रागावू नका, मी सांगते काय झालं."

मग मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. नाव कांचन. मडकं सकाळी आठला काढलं, पारण्याला पाहुणे यायच्या आधी, नेम मोडू नये म्हणून. पिल्लं हाताने उचलली नाहीत, हाताचा वास लागेल म्हणून फडक्याने उचलली. समोर दिवाणखान्यात सासूबाईंना घरातली माणसं एकेक करून उसाचा रस पाजत होती, तेव्हा मागे गॅलरीत हे चाललं होतं. आवाज येत होते, पण तिला वाटलं पक्षी आनंदात आहेत. मी विचारलं, मडकं कुठे आहे. म्हणाली, पाणी भरून गच्चीवर ठेवलंय, चिमण्यांसाठी. काढा ते, म्हटलं, कोरडं करा, पिल्लू आत ठेवा, दोन्ही माद्या वेगळ्या करा, बाप असेल तर बाप भरवेल. तेवढं बोलून मी फोन ठेवला. मी तिला तुम्ही म्हणाले हे माझं मलाच नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी तिने कळवलं की बाप भरवत नाही. मी रात्रीपुरता उपाय सांगितला आणि सकाळची पहिली एसटी धरली. पिशवीत पिल्लांना भरवायची पावडर, सुई काढलेली सिरिंज, आणि काय वाटलं म्हणून दोन सांजोऱ्या. एरंडोल गेलं, खिडकीची लोखंडी पट्टी हळूहळू तापायला लागली. शेजारी माहेराहून परत निघालेली एक पोर होती, मेंदी लावलेल्या हातांनी डबा सांभाळत बसलेली. मी फोन काढून ग्रुप उघडला आणि वर वर चढत गेले, होळीपर्यंत. तिचे सगळे प्रश्न वाचले, आमची सगळी उत्तरं वाचली. तीन पिल्लं काल मेली, असं मी धरून चालले होते. ती महिनाभर मरत होती, आमच्या एकेका उत्तराने. मला स्वतःची इतकी शिसारी आली की पारोळ्याच्या स्टँडवर उतरून परत फिरावंसं वाटलं. तोंड दाखवायचं कोणाला आणि कसं?

धुळ्याला गल्लीत त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वर घर. कांचनबाई जिन्यातच उभ्या होत्या. बारीक, चष्मा, डोक्यावर पदर. आत सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, वर्षभराच्या उपासाने मनगटं काडीसारखी झालेली. मी नमस्कार केला. त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. कांचनबाईंनी स्वयंपाकघरात नेऊन हळू सांगितलं की काल संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं. आज सकाळी त्यांनी परत उपास धरला. पारणं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. "मी म्हटलं मी धरते, पाप माझं आहे. म्हणाल्या, घर माझं आहे." हे सांगताना कांचनबाई रडत नव्हत्या. शेगडी पुसत होत्या, पुसलेलीच परत पुसत होत्या.

पाप तुमचं नाही हो, माझं आहे, एवढं म्हणायला मी तिथवर गेले होते. जळगावपासून घोकत गेले होते. आणि ऐन वेळी मी काय विचारलं? उकळलेलं पाणी आहे का. होतं, त्या घरात ते असणारच. मी पावडर कालवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला, आणि आम्ही दोघी मागच्या गॅलरीत गेलो.

पिल्लू स्टीलच्या डब्यात कापसावर होतं. पाठीवर एक जखम, हळद लावलेली. पोट रिकामं, मान वाकडी. गॅलरीत ऊन यायला लागलं होतं, पत्र्यावरून धग खाली उतरत होती. पलीकडच्या पिंजऱ्यात माद्या तारेवर बसून एकमेकींची मान कोरत होत्या, जसं काही घडलंच नाही. मी खाली बसले, पिल्लू डाव्या हातात घेतलं आणि चोचीच्या कडेला एक थेंब लावला. त्याने तोंड उघडलं नाही. दुसरा लावला. तिसऱ्याला त्याने मान वर केली आणि गिळलं. मग परत. गळ्याखालची पिशवी हळूहळू फुगायला लागली, कातडीतून पांढरं दिसायला लागलं. कांचनबाई माझ्या शेजारी फरशीवर बसून श्वास धरून बघत होत्या. मी म्हटलं, बहुतेक जगेल. बहुतेक.

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, त्याच आवाजात, ज्या आवाजात महिनाभर राळ्याचं आणि पाण्याचं विचारत होत्या.

"ताई, तुम्ही नवीन होता तेव्हा तुमच्या हातून किती गेले?"

ग्रुपवर कोणी हे कोणाला विचारत नाही. इतक्या वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी त्याला भाजून खाल्लं असतं. पण माझ्या हातात ते पिल्लू होतं, गरम, आणि त्याचं काळीज माझ्या अंगठ्याखाली धडधडत होतं.

"अकरा," मी म्हटलं. "एका दुपारी."

भाचीच्या लग्नाला मुक्ताईनगरला गेले होते, सांगितलं. पिंजरा सकाळी सावलीत होता. ऊन फिरतं, हे मला सुचलंच नाही. संध्याकाळी परत आले. घरी सांगितलं मांजराने मारले. शेजारी सांगितलं मांजराने मारले. आमच्या ह्यांना अजून तेच माहीत आहे.

कांचनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मला राग चालला असता, रागाशी माझी ओळख आहे.

"मग मला बोलत होता तेव्हा तुम्हाला ते अकरा आठवत होते का?"

"आठवत होते," मी म्हटलं. "रोजच आठवतात. म्हणून तर तोंड सुटतं."

त्यांनी पदराच्या टोकाने पिल्लाच्या चोचीला लागलेलं पुसलं, फार हळू.

"मला तेच सांगायला हवं होतं हो ताई. मी एवढं विचारत होते. मला ते अकरा सांगितले असते तर मी मडक्याला हात लावला नसता. घाबरले असते."

खाली दुकानात कोणी तरी भांड्यांची चळत रचत होतं. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून आत आलं आणि माझ्या पायावर पडलं. मी पाय काढला नाही. मी त्यांना सांगायला लागले. पहिला निळा होता, दाराजवळ, चोच तारेत अडकलेली. दुसरी त्याची मादी, पाण्याच्या वाटीत डोकं घालून, वाटी कोरडी. तिसरा आणि चौथा एकावर एक, सावलीच्या एका पट्टीसाठी भांडून मेलेले, एकाच्या चोचीत दुसऱ्याची पिसं. कांचनबाईंनी पिल्लू माझ्या हातातून आपल्या ओंजळीत घेतलं आणि म्हणाल्या, पाचवा?